सहीची वीट

ओळंबा मिस्त्रीला कुणी घरी चहाला बोलावलं, की चहा येईपर्यंत त्याची नजर भिंतींवरून फिरायची आणि कप खाली ठेवला की हात खिशात जायचा. खिशात कायम ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. ते तो भिंतीलगत सोडायचा, एक डोळा मिटायचा आणि यजमानाला सांगायचा, "दोन सूत बाहेर आहे. मी बांधली नव्हती ना? तरीच." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, पण मिस्त्रीच्या तोंडून ऐकलं की वाटायचं, आता भिंत अंगावर येते. एकदा तर शेजाऱ्याच्या सांत्वनाला गेला आणि रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जे झालं ते झालं, पण तुमची चौकट तिरकी बसलीय." त्याचं खरं नाव काय ते लोक कधीच विसरले, ओळंबा तेवढा राहिला.

तीस वर्षं हा माणूस सिमेंटात जगला. "तुमचा माझ्यापेक्षा त्या गोणीवर जास्त जीव," असं बायको म्हणायची, आणि हा पठ्ठ्या नाही म्हणायचा नाही. अशा माणसाच्या पोटी मुलगी निघाली मातीवाली! आता याला काय म्हणावं?

मुलगी बांधकामाचा डिप्लोमा करून आली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या बांधायच्या म्हणाली. पाळणाघरासाठी. मिस्त्रीच्याच हाताखाली घमेली उचलणाऱ्या बायका होत्या, त्यांची लेकरं दिवसभर कामावर पत्र्याखाली भाजून निघायची. अकरा जणींनी आधीच नावं देऊन ठेवली होती. इथवर मिस्त्री खूश होता. मग ती म्हणाली, "भिंती मातीच्या."

मिस्त्रीला ठसका लागला.

"साध्या मातीच्या नाही हो बाबा. यंत्रात घालून दाबलेल्या विटा. दहा घमेली मातीला अर्धं घमेलं सिमेंट. भाजायच्या नाहीत, म्हणजे भट्टी नको, जाळायला लाकूड नको. आणि खोलीत गारवा."

"अर्धं घमेलं?" मिस्त्रीला त्या एकट्या पडलेल्या सिमेंटची कीव आली. "अगं, लोक काय म्हणतील? तीस वर्षं मी माणसांना मातीच्या घरातून बाहेर काढलं, आणि तू लेकरांना आत घालायला निघालीस!"

"लोक काय म्हणतील ते लेकरं झोपली की ऐकू," मुलगी म्हणाली. हट्ट कुणाचा घेतला होता ते सांगायला नको.

तिने शोषखड्डा खणला आणि त्यातूनच निघालेली माती चाळून घेतली. डिप्लोमा केला त्या संस्थेतून हातयंत्र मागून आणलं. लांब दांडा खाली दाबायचा, की चौकोनी, गुळगुळीत वीट वर यायची. ओल्या पोत्यांखाली तीन आठवडे विटा मुरवल्या आणि दोन कामकरी बायकांना हाताशी घेऊन भिंती उभ्या केल्या. मिस्त्री रोज संध्याकाळी यायचा, लांबूनच बघायचा आणि म्हणायचा, "छान आहे."

एक दिवस मुलगी वैतागली. "बाबा, अख्ख्या गावाच्या भिंतींना ओळंबा लावता. माझ्या भिंतीला एकदा तरी लावा."

"कशाला? छान आहे की."

लहान पोराने माणसाचं चित्र काढून दाखवलं, त्याला नाक नसलं, तरी आपण कसं "छान" म्हणतो, तसलं ते छान होतं. मुलीला ते कळायचं आणि टोचायचं. आणि मिस्त्रीच्या मनातलं खरं सांगायचं तर त्याला भीती होती. ओळंबा लावला आणि भिंत चार सूत बाहेर निघाली, तर काय बोलणार? स्वतःच्या लेकीला नापास कसं करायचं? त्यापेक्षा ओळंबा खिशातच बरा.

छप्पर चढलं, दारं बसली. आता राहिला फक्त पूर्णत्वाचा दाखला. तो मिळाल्याशिवाय विजेचा मीटर नाही आणि पाळणाघराची परवानगी नाही. मुलगी अर्ज घेऊन बांधकाम कचेरीत गेली, सोबत मिस्त्री. कचेरीत मिस्त्रीला सगळे ओळखायचे, कारण तिथल्या पायऱ्या दर वर्षी फुटायच्या आणि दर वर्षी तोच दुरुस्त करायचा. तेव्हाही त्याचं तेच काम चालू होतं.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "भिंतीचं साहित्य: माती. म्हणजे कच्चं."

"पक्कं आहे, साहेब," मुलगी म्हणाली.

"बाई, अर्जात दोनच चौकोन आहेत. कच्चे आणि पक्के. माती कच्च्यात येते. कच्च्याला दाखला नाही. मी काही तुमच्या वाईटावर नाही, पण माती पाण्यात विरघळते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे."

"पण पक्कं कशाला म्हणायचं ते तुमच्याच नियमात लिहिलंय." तिने पिशवीतून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. "हे बघा. जे साहित्य सात दिवस पाण्यात बुडवून ठेवलं असता आकार सोडत नाही, ते पक्के समजावे. सिमेंटच हवं असं कुठेही म्हटलेलं नाही."

साहेबांनी ते पान वाचलं. बावीस वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदाच वाचत होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण माणूस सरळ होता. "ठीक आहे. नियम तो नियम. वीट आणा, बादलीत टाकू. इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. सात दिवसांनी बाहेर काढू. विरघळली तर अर्ज कायमचा बंद, परत यायचं नाही."

"चालेल," मुलगी म्हणाली.

सोमवारी तिने वीट आणली. अदलाबदल नको म्हणून साहेबांनी कर्कटकाच्या टोकाने विटेवर स्वतःची सही कोरली, खाली दोन टिंबं दिली आणि वीट बादलीत सोडली. बादली ठेवली चौकशीच्या खिडकीशेजारच्या टेबलावर. झालं! कचेरीचं काम तिथेच थांबलं. कारकून फायली घेऊन उठायचे ते बादलीवरून जायचे. लोक दाखल्याची चौकशी करायला यायचे आणि विटेची करून जायचे. शिपायाने तर सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं, "बुधवारपर्यंत चिखल. लिहून घ्या."

दुपारी मिस्त्री पायरीवरून थापी ठेवून उठला आणि बादलीत डोकावला. विटेतून बुडबुडे येत होते. एक, दोन, मग ओळीने पाच-सहा. जीव सोडतेय, तो मनात म्हणाला. पोरीची वीट जीव सोडतेय!

आता गंमत बघा. भाजलेल्या विटा लावण्याआधी पाण्यात भिजवतात आणि त्यांतूनही असेच बुडबुडे निघतात. हवा असते आतली, दुसरं काही नाही. मिस्त्रीने तीस वर्षं रोज ते बुडबुडे पाहिले होते आणि त्यांच्यासमोर बसून निवांत चहा प्यायला होता. पण लेकीच्या विटेचे बुडबुडे बघितले आणि तीस वर्षांची अक्कल गहाण पडली.

घरी त्याच्याकडे एक सिमेंटची वीट होती. पंधरा दिवसांपूर्वीच त्याने गुपचूप ओतली होती, मुलीच्या विटेच्याच मापाची, "असू दे हाताशी" म्हणून. कशासाठी ते त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने तिला गेरू फासून मातीचा रंग दिला आणि छिन्नीने साहेबांची सही कोरली. हात कसलेला, सही हुबेहूब उतरली. मंगळवारी सकाळी शिपाई पाण्याचा माठ भरायला गेला तेवढ्यात मिस्त्रीने काम साधलं. सिमेंटची बादलीत, मातीची हत्यारांच्या पिशवीत. घरी येऊन त्याने ती मागच्या दारी नळापाशी टाकली आणि तिकडे पाठ फिरवली. तिचे हाल बघायची त्याची छाती नव्हती.

बुधवारी बादलीतलं पाणी लाल झालं. शिपायाने टेबलावर थाप मारली, "काय म्हटलं होतं?" गुरुवारी पाणी इतकं गढूळ झालं की आतलं काही दिसेना. मिस्त्री पायऱ्यांवर बसून कपाळ बडवत होता. गेरू! पाण्यात रंग सुटणार हे कळायला मिस्त्री कशाला व्हावं लागतं? पण आता करणार काय? मुलगी रोज येऊन पाण्याकडे बघायची. तिचा चेहरा उतरत चालला होता. "असं कसं होईल, बाबा?" ती शुक्रवारी म्हणाली. "पंधरा विटा मी घरी भिजवून बघितल्या होत्या. एकीचाही रंग सुटला नव्हता." मिस्त्री म्हणाला, "होतं कधीकधी," आणि थापी घेऊन चांगली पायरी फोडायला लागला.

सोमवारी कचेरी भरून गेली. मुलीसोबत तिची आई आली होती, पाळणाघराला नावं दिलेल्या बायकांपैकी चौघी कामावर दांडी मारून आल्या होत्या. साहेबांनी बाह्या सरसावल्या, लाल पाण्यात हात घातला आणि वीट बाहेर काढली. पाणी निथळलं.

वीट अखंड होती. आणि राखाडी होती.

साहेबांनी वीट टेबलावर आपटली, ती टणकन वाजली. "हे तर निव्वळ सिमेंट आहे!"

"बघा!" शिपाई ओरडला. "वरून मातीचा रंग, आत सिमेंट! साहेब, बाईंनी फसवलं आपल्याला."

मुलगी विटेकडे बघत राहिली. "ही माझी वीट नाही."

"सही माझी आहे की," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता थंड झाला होता आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "बाई, वीट विरघळली असती तर मला वाईट वाटलं असतं. पण ही लबाडी झाली. अर्ज तर बंदच, शिवाय तुमचं नाव वर कळवावं लागेल. यापुढे कुठल्याही बांधकामावर तुमची सही चालणार नाही." त्यांनी लाल शाईचं पेन उघडलं.

मुलीने वीट उचलली आणि सहीवरून बोट फिरवलं. कोरलेल्या रेघांच्या कडा बघितल्या. छिन्नीचा हात तिने लहानपणापासून बघितलेला होता. तिने मान वर केली आणि थेट बापाकडे पाहिलं.

मिस्त्रीला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्याला वाटलं होतं, गावात मातीच्या घरामुळे नाक कापलं जाईल. पण नाक कापायला माती लागलीच नाही, त्याचं सिमेंटच पुरलं.

"साहेब, पेन ठेवा," तो म्हणाला. "तिचा काही दोष नाही. ही वीट माझी आहे. सही मी कोरली. मंगळवारी बदलली."

"तुम्ही?" साहेब खुर्चीत बसले. "अहो, तुम्ही तर तिच्या बाजूचे!"

"म्हणूनच बदलली. बुडबुडे येत होते. मला वाटलं, चालली."

"बुडबुडे?" मुलगी म्हणाली. "बाबा, विटेतून बुडबुडे येतातच. हे मला तुम्हीच शिकवलंत. मी सहा वर्षांची होते."

"माझा विश्वास नव्हता गं," मिस्त्री म्हणाला. सगळ्या कचेरीसमोर म्हणाला, आणि तेवढ्यावर थांबला नाही. "तोंडाने छान छान म्हणत होतो. आतून मला वाटत होतं, पोरीचा हा खेळ आहे, आज ना उद्या पडणार. माझी चूक झाली."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. "बरं, मग खरी वीट कुठाय?"

"मागच्या दारी नळापाशी टाकली होती. गेली असेल एव्हाना वाहून. आमचा नळ सारखा गळतो."

"कोणती हो?" बायको एकदम पुढे आली. "त्या दिवशी आणून टाकलीत ती? वर काहीतरी खरडलेली?"

"तीच."

"वाहून कशाने जाईल? मंगळवारपासून मी तिच्यावर कपडे आपटतेय!"

कचेरीत जो हशा पिकला तो आवरेना. नामुष्की झालेला मिस्त्रीसुद्धा तोंड उघडं ठेवून बायकोकडे बघत राहिला. "मला सांगायचं नाही का?" तो म्हणाला.

"तुम्ही मला सांगितलंत का?" बायको म्हणाली. "धुण्याचा दगड कधीचा डुगडुगतोय, नीट करून द्या म्हणून दोन वर्षं मागे लागलेय. मला वाटलं, देवाने बुद्धी दिली, आणला एकदाचा नवा."

"चला, बघायलाच हवं," साहेब म्हणाले. ते उठले म्हणून कारकून उठले, कारकून उठले म्हणून खिडकीवर ताटकळलेले लोकही निघाले. "बुधवारपर्यंत चिखल" म्हणणारा शिपाई सगळ्यांच्या पुढे. दहा मिनिटांच्या वाटेवर बघे वाढत गेले आणि मिस्त्रीच्या मागच्या दारी पोचेपर्यंत पन्नासेक माणसं जमली. नळ थेंब थेंब गळत होता. खाली साबणाच्या फेसात वीट बसली होती, आणि तिच्यावर साहेबांची सही आणि खाली दोन टिंबं. एक कोपरा नखाएवढा झिजला होता. बाकी वीट जशीच्या तशी.

साहेब उकिडवे बसले. त्यांनी तळव्याने फेस पुसला. "माझ्या सहीवर कपडे धुतले तुम्ही?"

"चादरीसुद्धा," बायको म्हणाली. "पण साहेब, बादलीतल्या विटेला कुणी धोपाटणं मारलं नव्हतं. हिला मारलंय. सकाळ-संध्याकाळ."

साहेबांनी बोटांवर दिवस मोजले. सोमवार बादलीत, पुढचे दिवस नळाखाली, आज सोमवार. सात दिवस भरले होते. "बुडवून ठेवणे असं नियमात आहे," शिपाई हळूच म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मागे सरकून गर्दीत उभा राहिला. मग ते वीट हातात घेऊन मुलीच्या खोल्यांत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. सगळ्यांना वाटलं, भिंती तपासताहेत. बघितलं तर साहेब भिंतीला पाठ टेकून नुसते उभे होते, डोळे मिटून. बाहेर ऊन रटरटत होतं.

"पंखा नसताना?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"मीटर कुठाय पंख्याला?" मुलगी म्हणाली.

साहेबांनी तिथेच, भिंतीवर कागद धरून, पक्के या चौकोनात खूण केली. मिस्त्रीच्या लबाडीबद्दल त्यांनी एकच शिक्षा सांगितली: कचेरीच्या पायऱ्या या वेळी मुलीच्या विटांच्या बांधायच्या, आणि मिस्त्रीने तिच्या हाताखाली घमेली उचलायची. चौघी बायकांनी टाळ्या पिटल्या. त्यातली एक तर म्हणाली, "मिस्त्री, घमेलं डोक्यावर घेताना आधी चुंबळ करायची बरं का."

माणसं पांगली. बायको वीट परत नळाखाली ठेवून आली, म्हणाली, हिला आता मी सोडत नसते. मुलगी खोलीच्या दारात उभी होती. तिला आनंद झाला होता, पण ती बापाशी बोलत नव्हती आणि त्याच्याकडे बघतही नव्हती. मिस्त्री थोडा वेळ अंगणात घुटमळला. माफी मागून झाली होती. आणखी काय बोलायचं असतं ते त्याला येत नव्हतं.

मग त्याने खिशात हात घातला.

ओळंबा काढला, दोरी सोडवली आणि तो आत गेला. पहिल्या भिंतीला लावला, एक डोळा मिटला. पितळी वजन डोललं आणि थांबलं. तो दुसऱ्या भिंतीकडे गेला, मग तिसऱ्या. मुलगी आता त्याच्या मागे मागे फिरत होती. तिने श्वास धरला होता. दाखल्याच्या वेळी धरला नव्हता एवढा.

चौथ्या भिंतीच्या कोपऱ्यात मिस्त्री थांबला. वाकला. दोरीवर बोट ठेवलं, परत सोडलं, परत बघितलं.

"एक सूत बाहेर आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

"या इथे. सातव्या थराला हात हलला तुझा."

"सातव्या?" मुलगी त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसली आणि एक डोळा मिटून दोरीकडे बघायला लागली. "एक नाही, बाबा. अर्धंच आहे."

"एक."

"अर्धं! तुमचा ओळंबाच डुलतोय."

"माझा ओळंबा? अगं, तीस वर्षं या ओळंब्याने..."

बाहेर आई कपडे वाळत घालत होती. आत दोघांचे आवाज चढत गेले तशी ती धोपाटणं हातात घेऊनच दारात आली. बघते तर बाप आणि लेक कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून भांडताहेत, आणि लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ती हसतेय. आई आली तशी परत फिरली आणि राहिलेली चादर झटकायला लागली.